बिनपाण्याची हजामत

दाढीबद्दल बोलायचा अधिकार आपल्याकडे सगळ्यांना आहे, फक्त ती ज्याच्या गालावर उगवते त्याला नाही. मौलाना तिची लांबी सांगतात. जाहिरात तिला आळस म्हणते. गणवेश तिला बेशिस्त म्हणतो. रेल्वेच्या डब्यात समोर बसलेला माणूस तिच्यावरून तुमचा पक्ष, तुमची निष्ठा आणि क्रिकेटमधला तुमचा आवडता संघ ठरवून मोकळा होतो. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: बिनपाण्याची हजामत. पाणी नाही, साबण नाही, विचारणं नाही. धरलं आणि भादरलं.

यावर माझा उपाय साधा आहे. आपला रेझर आपण हातात घ्यायचा आणि तो चालवायला नीट शिकायचं. (मुसलमान लेखक ब्लेड हातात घ्या म्हणतोय, एवढ्याच वाक्याचा स्क्रीनशॉट काढणाऱ्यांनी कृपया पुढचंही वाचावं.) मी बोलतोय ते दोन धारांच्या ब्लेडच्या जुन्या सेफ्टी रेझरबद्दल. वडिलांच्या, आजोबांच्या दाढीच्या सामानात ब्रश, वाटी आणि तुरटीच्या खड्याशेजारी तो असायचा. आजच्या पोरांना तो फारसा ठाऊक नसतो. त्यांना प्लॅस्टिकच्या डोक्यात तीन किंवा पाच पाती बसवलेलं कार्ट्रिज ठाऊक असतं, नाहीतर ट्रिमर, नाहीतर सलूनची खुर्ची.

हे नुसतं आवडीनिवडीचं प्रकरण असतं तर लेख लिहायची गरज नव्हती. माझं म्हणणं असं आहे की एक साधं, स्वस्त, कुणालाही जमेल असं कसब आपल्या हातून काढून घेतलं गेलं आणि त्याच्याऐवजी एक महागडी सवय आपल्या गळ्यात मारली गेली. आणि ज्या समाजाच्या दाढीवर एवढ्या जणांचा डोळा आहे, त्या समाजातल्या पोरांनी तर हे कसब अजिबात सोडू नये.

आधी कंपनीने केलेली हजामत पाहू.

किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं विकणारा फिरता विक्रेता होता. वापरून फेकायची वस्तू विकली की गिऱ्हाईक पुन्हा येतं, हा बुचांच्या धंद्यातला धडा त्याने दाढीला लावला. पातळ पोलादी पट्टीला धार लावायचं तंत्र विल्यम निकर्सन या अभियंत्याने जमवलं. १९०३ साली माल बाजारात आला तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्या वर्षी नव्वद हजारांवर रेझर गेले आणि पेटंटही मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. सैनिक घरी परतले आणि त्यांच्याबरोबर ही सवयही घरोघर पोचली.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. वस्तू उत्तम होती. तोवर पुरुषाला उघडा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत बसावं लागे, नाहीतर न्हाव्याची वाट पाहावी लागे. शिवाय पुढे एक चांगली गोष्ट घडली. १९२१ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपली आणि ब्लेड बनवायला सगळ्यांना रान मोकळं झालं. १९३० च्या दशकात मधल्या लांब खाचेचं ब्लेड रूढ झालं आणि त्याचं माप जवळपास जगभर एकच राहिलं. ठाण्याच्या कारखान्यात बनलेलं सुपरमॅक्स, आपलं टोपाझ, जपानचं फेदर, इजिप्तचं लॉर्ड, यांतलं कुठलंही ब्लेड कुठल्याही रेझरमध्ये बसतं. आजोबांच्या रेझरमध्ये आज सकाळी घेतलेलं ब्लेड बसतं. ज्या वस्तूचा सुटा भाग कुणीही बनवू शकतो, तिच्या मालकाला कुणी अडवू शकत नाही.

कंपन्यांची अडचण नेमकी तिथेच होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्डने न गंजणाऱ्या पोलादाचं ब्लेड आणलं. ते जास्त दिवस टिकायचं. ब्लेड कुणीही बनवतंय आणि वर ते टिकतंय, मग नफा कुठून काढायचा? १९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचं कार्ट्रिज आणलं. १९९८ मध्ये पाती तीन झाली, २००६ मध्ये पाच. प्रत्येक वेळी दांड्याचा सांधा नवा, पेटंट नवं. या कंपनीच्या दांड्याला त्या कंपनीचं डोकं बसत नाही, आणि कित्येकदा एकाच कंपनीच्या जुन्या दांड्याला तिचंच नवं डोकंही बसत नाही. दांडा स्वस्तात घ्या आणि मग जन्मभर डोकी विकत घेत बसा.

पाच पात्यांनी दाढी चांगली होते का? पहिलं पातं केस किंचित वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आधी मागचं पातं त्याला कापतं, अशी ती रचना आहे. म्हणजे केस त्वचेच्या पातळीच्याही खाली तुटतो. त्या दिवशी गाल लोण्यासारखा लागतो. पण केस राठ आणि वळणारा असेल, तर तो वाढताना बाहेर यायच्याऐवजी त्वचेतच शिरतो. मग मानेवर लाल पुटकुळ्या येतात आणि त्यांच्यासाठी त्याच दुकानाच्या त्याच फळीवरून जेल, बाम, लोशन घ्यावं लागतं. आपल्याकडे अशी मान घेऊन फिरणारी पोरं कमी नाहीत. त्यांना वाटतं की आपली त्वचाच नाजूक आहे.

आणि गंमत पाहा. पाच पात्यांचं ते डोकं इतकं रुंद झालं की नाकाखाली आणि कल्ल्यांच्या कडेला ते नीट पोचेना. मग कंपनीने त्याच्या पाठीवर आणखी एक सुटं पातं बसवलं. सहावं पातं हे एका पात्याने काम होतं याचं प्रशस्तिपत्रकच आहे. दुसरं प्रशस्तिपत्रक तिने खास भारताला दिलं. २०१० मध्ये तिने आपल्याकडे १५ रुपयांचा रेझर आणला. त्याचं कार्ट्रिज ५ रुपयांना होतं आणि त्यात पातं होतं एक. म्हणजे गरीब गिऱ्हाइकाची दाढी एका पात्याने होते. पाच पात्यांची गरज फक्त ऐपतवाल्याच्या गालाला पडते. त्याच सुमारास तिने इथे एक मोहीमही चालवली होती. दाढीचे खुंट म्हणजे आळस आणि बायकांना असे आळशी पुरुष आवडत नाहीत, असं बायकांच्याच तोंडून वदवणारी. माल खपवण्यासाठी आधी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याची लाज त्याला शिकवायची, ही युक्ती गोरेपणाच्या क्रीमवाल्यांकडून बायकांनी पुरेशी सोसली होती. आता पाळी पुरुषांची.

साधा हिशेब करा. दोन धारांचं ब्लेड साधारण तीन ते पाच रुपयांना मिळतं आणि चार-पाच दाढ्या करतं. अनेक पात्यांचं एक कार्ट्रिज शंभर ते अडीचशे रुपयांना पडतं. ते महिनाभर ताणलं तरी, म्हणजे बोथट होऊन ओरबाडेपर्यंत वापरलं तरी, हिशेब ब्लेडच्याच बाजूने झुकतो.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘त्या ब्लेडने कापतं हो.’ कापतं, कारण शिकवलेलं नसतं. सायकलवरूनही माणूस पडतोच. म्हणून इथे शिकवून टाकतो. ज्याला हे येतं त्याने पुढचे परिच्छेद गाळावेत.

सगळ्यात आधी आपला चेहरा ओळखा. दोन दिवसांचे खुंट वाढू द्या आणि गालावरून, मानेवरून बोटं सगळ्या दिशांनी फिरवा. हात गुळगुळीत सरकतो ती केसांची दिशा. अडकतो ती उलट. गालावर केस बहुधा खाली वळलेले असतात, पण मानेवर भोवरे असतात. कुठे केस वर जातात, कुठे कानाकडे. हा नकाशा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो कुठल्याही डब्यावर छापलेला नसतो. बहुतेकांची मान सोलवटते ती हा नकाशा माहीत नसल्यामुळे.

मग पाणी. दाढी ओली करणं म्हणजे तोंडावर दोन हबके मारणं नव्हे. केस पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. अंघोळीनंतर लगेच दाढी करा, नाहीतर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर धरा. ओल्या ब्रशने साबण किंवा क्रीम गालावर गोल गोल घोळवा. फेस दह्यासारखा दाट आणि ओलसर हवा. डब्यातून फुस्सकन निघणारा फेस दिसायला भरपूर असतो, पण त्यात हवाच जास्त आणि पाणी कमी. शिवाय ब्रश केसांना उभं करतो, ते काम बोटांनी होत नाही.

ब्लेड बसवताना ते आखूड बाजूंनी धरा, धारेला बोट लावायचं नाही. रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवा आणि दांडा हळूहळू खाली आणा. ब्लेड केसाला लागल्याचा बारीक खरखर आवाज येईल, तिथे थांबा. ब्लेड आणि त्वचा यांच्यात साधारण ३० अंशांचा कोन झालेला असतो. हाच कोन राखून बोटाच्या दोन पेरांएवढे आखूड हात मारायचे. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. आणि दाब अजिबात द्यायचा नाही. सगळी गोम इथे आहे. कार्ट्रिज दाबून चालवायची सवय लागलेली असते, म्हणून पहिल्याच दिवशी रक्त निघतं. सेफ्टी रेझर धातूचा असतो आणि त्याला वजन असतं. ते वजनच काम करतं. तुम्ही फक्त दिशा द्यायची.

पहिला महिनाभर फक्त सुलटी, म्हणजे केसांच्या दिशेने करा. तेवढ्याने ऑफिसला जाण्याइतका चेहरा स्वच्छ होतो. हात बसला की पुन्हा फेस लावून आडवा हात मारा. उलटी मारायचा मोह सगळ्यात शेवटी, आणि मानेवर शक्यतो नाहीच. कोरड्या गालावर, फेस नसताना, ‘एवढंच राहिलंय’ म्हणून रेझर फिरवायचा नाही. शेवटी गार पाणी आणि ओल्या तुरटीचा खडा. जिथे चूक झाली असेल तिथे तुरटी झोंबते आणि कुठे दाब जास्त पडला ते सांगते. तुरटीइतका सडेतोड शिक्षक मिळायचा नाही. दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. पुढे आयुष्यभर सकाळची दहा-बारा मिनिटं लागतात.

ही दहा मिनिटं कुठून आणायची, असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं? तेवढा वेळ आपण सकाळी फोन चाळण्यात घालवतोच. निदान इथे एक हात दुसऱ्या हाताशी बोलतो.

मात्र या बाबतीत एका नव्या जमातीपासूनही सावध राहा. अलीकडे सेफ्टी रेझर शौकिनांच्या हाती लागलाय. हजारो रुपयांचा परदेशी रेझर, दुर्मीळ केसांचा ब्रश, चंदन-केवड्याचा हाताने बनवलेला साबण, आणि त्या सगळ्याचे फोटो. जी वस्तू कारकून, शिक्षक आणि गिरणी कामगार यांच्या घरात फळीवर असायची, तिला यांनी दागिना केलं. कंपनीने गरिबाकडून त्याचं कसब घेतलं आणि शौकीन तेच कसब त्याला परवडणार नाही अशा भावात परत विकतोय. काही शे रुपयांचा साधा देशी रेझर, किराणा दुकानातला दाढीचा साबण, तुरटी, एवढ्यावर काम भागतं. बाकी सगळा थाट आहे.

आता दुसरी हजामत, आमच्या घरातली.

माझी दाढी आहे, आखूड. ती आहे म्हणूनच मला रेझर लागतो. सफाचट दाढी करणाऱ्याचं काम सोपं असतं, त्याला कुठे थांबायचं नसतं. खत काढणाऱ्याला गालावरची रेघ सरळ ठेवावी लागते, मानेवरची हद्द ठरवावी लागते, ओठावरची मिशी बारीक करावी लागते. पाच पात्यांच्या रुंद डोक्याखाली ही रेघ दिसतच नाही. दोन धारांच्या ब्लेडची कड दिसते आणि ती जिथे ठेवाल तिथेच कापते. तेव्हा दाढी आणि रेझर हे एकमेकांचे वैरी आहेत, ही समजूत दाढी नीट न राखणाऱ्यांची आहे.

पण आमच्याकडे रेझर दिसला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. जणू ती काफिरांची वस्तू. अहो, मुसलमानाचं आयुष्यच वस्तऱ्याने सुरू होतं. अकीक्याला सातव्या दिवशी बाळाचं जावळ उतरवतात आणि केसांच्या वजनाइतकी चांदी खैरात करतात. हज-उमरा पुरा होतो तो पुरुषाने डोकं भादरून किंवा केस कमी करून. मिशी कापणं, नखं काढणं, काखेतले आणि नाभीखालचे केस काढणं, या गोष्टी हदीसमध्ये फितरत म्हणून सांगितल्या आहेत, आणि चाळीस दिवसांहून जास्त त्या लांबवू नयेत असंही सांगितलं आहे. हजामत हा शब्दही अरबीतूनच आला. मुळात तो रक्त काढायच्या उपचाराचा, आणि तो उपचार करणारा हज्जाम. स्वच्छता ज्या धर्मात इबादतीची पहिली पायरी आहे, त्या धर्माच्या माणसाला धारेचं भय कशाला?

दाढी राखा, असं हदीसमध्ये आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण त्या एका वाक्यातून किती हुकूम निघतो, याबद्दल आपल्याच इमामांमध्ये एकमत नाही. हनफी उलमा दाढी काढणं नाजायज मानतात आणि मूठभर लांबी सांगतात. पण आपल्या कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई, आणि शाफई फिकहमध्ये इब्न हजर हैतमी आणि रमली यांच्यासारख्या मोठ्या नावांनी दाढी काढण्याला मकरूह म्हटलंय, म्हणजे नापसंत, हराम नव्हे. जो फरक शेकडो वर्षं किताबांमध्ये सुखाने नांदला, तो आपल्या मोहल्ल्यात एका जुम्म्याच्या बयानात संपवून टाकला जातो. बयान देणाऱ्याच्या इल्मबद्दल मला आदर आहे. पण सफाचट हनुवटीच्या माणसाला पहिल्या सफमधून मागे सारणारे, मुलीचं स्थळ बघताना मुलाच्या हनुवटीवरून त्याचा ईमान मोजणारे, ते काही फिकह वाचून आलेले नसतात. त्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हुकमत हवी असते. कुणी मनापासून मूठभर दाढी राखत असेल तर त्याचा हात माझ्या डोक्यावर असो. पण माझ्या मुलाची हनुवटी ही त्याच्या सवाबाची जागा नाही.

तिसरी हजामत सर्वांत जड हाताची, कारण ती सत्तेची आहे.

रशियाच्या पीटर द ग्रेटने दाढीवर कर बसवला आणि कर भरल्याचा बिल्ला जवळ बाळगायला लावला. काबूलमध्ये तालिबानने १९९६ नंतर दाढी सक्तीची केली. २००१ मध्ये ते पळाले तेव्हा न्हाव्यांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. २०२१ मध्ये ते परतले आणि हेलमंदच्या न्हाव्यांना पुन्हा दाढी करायची बंदी झाली. उलट चीनने २०१७ मध्ये शिंजियांगमध्ये ‘असामान्य’ दाढीवर बंदी घातली. ताजिकिस्तानच्या एका प्रांतात २०१५ या एका वर्षात सुमारे १३ हजार पुरुषांच्या दाढ्या उतरवल्याचं तिथल्या पोलिसांनीच अभिमानाने सांगितलं. एकाने वाढवायला लावली, दुसऱ्याने काढायला लावली. माझ्या लेखी दोघं एकाच दुकानाचे.

आपल्याकडचं उदाहरण जास्त सभ्य आहे. वायुदलात दाढी ठेवू देण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १५ डिसेंबर २०१६ रोजी निकाल लागला. ज्यांच्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायला मनाई आहे त्यांनाच नियमानुसार सूट, आणि इस्लाममध्ये अशी मनाई असल्याचं दाखवता आलं नाही, म्हणून दाढी नाही. सैन्याला शिस्तीचा नियम हवा, हे मला समजतं. मला खटकतं ते वेगळंच. न्यायालयासमोरचा प्रश्न आणि मौलानांसमोरचा प्रश्न अक्षरशः एक आहे: ही गोष्ट धर्मात अनिवार्य आहे का? अनिवार्य असेल तर मौलाना म्हणतात ठेवलीच पाहिजे, आणि अनिवार्य नसेल तर नियम म्हणतो काढलीच पाहिजे. त्या माणसाला ती हवी आहे का, हा प्रश्न दोन्हीकडे गैरलागू.

आणि असभ्य उदाहरणही आपल्याकडे आहे. २ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला नमाजहून परतणाऱ्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारलं. ज्या फेसबुकवरच्या मजकुरावरून शहर पेटलं होतं, त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दाढी आणि टोपीवरून त्याला हेरलं गेलं, असं तेव्हा छापून आलं. २०२३ च्या जानेवारीत त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर गावाला निघालेल्या मुलाला ‘बेटा, जाताना दाढी काढून जा’ म्हणणाऱ्या आया मला माहीत आहेत. त्या चुकीचं सांगत नाहीत. पोराचा जीव त्यांना प्यारा आहे.

रेझर चालवता आल्याने जमाव थांबत नाही, हे मला कळतं. तसा दावा कुणी केला तर तो खोटा. पण भीतीने काढलेली दाढी आणि भीतीने राखलेली दाढी, दोन्ही आपल्या पोरांच्या चेहऱ्यावर आहेत. आरशासमोर उभं राहून ‘मला काय हवं’ असा विचार करायची सवयच त्यांना कुणी लावलेली नाही. रोज सकाळी दहा मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याकडे नीट पाहणारा माणूस निदान एवढं तरी ओळखतो की हा चेहरा कुणाचा आहे.

वस्तरा कधी खाली ठेवायचा, हेही याच मातीने शिकवलंय. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. सत्यशोधक चळवळ आणि नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच सांगितलं की बाईची मर्जी नसताना तिच्या डोक्याला आम्ही हात लावणार नाही. हजामतीच्या सगळ्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट दिसत नाही, आणि ती करणारे होते ज्यांना आपण आजही ‘न्हावी कुठला’ म्हणून हिणवतो.

म्हणून हेही सांगतो की घरी दाढी शिकणं हे सलूनविरुद्ध नाही. आमच्या सलमानी भाईंच्या आणि नाभिक बांधवांच्या पोटावर पाय द्यायचा माझा हेतू नाही. दोन धारांचं ब्लेड आपल्याकडे जिवंत राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या उस्तऱ्यात जे अर्धं पातं बसतं, ते हेच ब्लेड मधोमध मोडलेलं असतं. त्यांच्याकडे जा, केस कापा, कधीमधी ऐषही करा. फक्त नवं ब्लेड आपल्यासमोर मोडून बसवायला सांगा, कारण रक्तातून पसरणारे आजार धर्म विचारत नाहीत. आणि ज्याला स्वतःला दाढी करता येते, त्याला न्हाव्याच्या हाताची किंमत जास्त कळते.

एक शेवटचं काम उरतं. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. पिशवी फोडणारा हात कुणातरी कचरावेचक बाईचा असतो आणि तिला हातमोजे मिळतातच असं नाही. रिकाम्या पत्र्याच्या डब्याला झाकणात बारीक फट पाडा, ब्लेडं त्यात टाकत जा. असा डबा भरायला वर्षं लागतात. भरला की झाकण पक्कं करून, वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहून, कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा. ते नुसतं पोलाद असतं, भंगारात जाऊ शकतं. कार्ट्रिजमध्ये प्लॅस्टिक, रबर आणि पोलाद असं चिकटलेलं असतं की त्याला भंगारवालाही घेत नाही.

घरात मुलाच्या ओठांवर मिसरूड फुटलं असेल, तर त्याला महागडं पाकीट आणून देऊ नका आणि तकरीरही देऊ नका. त्याला आरशासमोर उभं करा, बोटं फिरवून केसांची दिशा ओळखायला शिकवा, फेस करायला शिकवा, दाब न देता रेझर धरायला शिकवा. अब्बांनी शिकवावं, अब्बा नसतील तर मामांनी, चाचांनी. आईला येत असेल तर तिने. दाढी ठेवायची, काढायची की किती ठेवायची, हे मात्र त्याला सांगू नका. ते त्याचं त्याला ठरवू द्या.